हवा भरेपर्यंत

चाकण
९ फेब्रुवारी २०२५

नामाकाका,

पायांवर डोकं ठेवलंय असं समजा. आधी पत्र शेवटपर्यंत वाचा आणि मगच रागवा.

आपला हितेश उद्यापासून विजेच्या ट्रेलरवर बसतोय. यार्डात कंटेनर उचलायचा, बंदराच्या गेटातून आत पोचवायचा आणि परत यायचं, एवढंच काम. ही गाडी आमच्याच कंपनीत बनते आणि तिच्या वायरिंगची बरीच कामं माझ्या टेबलावरून गेलीत. म्हणजे तुमच्या पुतण्याच्या बुडाखाली तुमच्या पुतणीची कामगिरी आहे. हसलात ना?

तुम्ही म्हणाल, पोरीला शिकवली आणि तिनं माझ्याच डिझेलच्या गॅरेजवर नांगर फिरवला. म्हणा. पण बाबांचे शेवटचे दिवस आठवा. बावीस वर्षं ट्रेलर चालवला, गेटाबाहेरच्या रांगेत धूर खाल्ला, आणि शेवटी खोकले की रुमालात काळं पडायचं. आईला दिसू नये म्हणून तो रुमाल तुम्ही गॅरेजच्या नळावर धुवायचात. मी बघितलंय. हितेशच्या रुमालात तसं पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्यानं तीन नोकऱ्या सोडल्यात. ही माझ्या शब्दावर मिळाली आहे. हीसुद्धा सोडली तर त्याला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. तो तुमच्याजवळ राहतो, तुमचं ऐकतो. काय वाटेल ते करा काका, पण त्याला टिकवा.

तुमची
प्रणाली

ता.क. पत्रच लिहा. परवा फोनवर मी अर्धा तास ओरडत होते आणि तुम्ही ‘जेवलो, जेवलो’ म्हणत होतात.


जासई
१६ फेब्रुवारी

चि. प्रणाली,

बहिऱ्या काकाचा आशीर्वाद. फोनवर तू बोललीस ते अख्ख्या आळीला ऐकू गेलं, मी सोडून. म्हणून पत्रच बरं.

रागावलो नाही. गॅरेजमध्ये आता दिवसाला एखाद-दुसरी गाडी येते. चाळीस वर्षं इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून त्याचं दुसरं टोक कानात धरलं, नोझलचा आवाज, बेअरिंगचा आवाज सगळा ओळखला, आणि त्यातच कान गेले. आता तळहात टेकवतो. धडधड हाताला कळते. तुझ्या त्या गाडीलाही हात लावून बघितला. काहीच लागलं नाही. मेलेल्याच्या छातीवर हात ठेवल्यासारखं वाटलं, खरं सांगतो.

मी रोज दुपारी हितेशचा डबा घेऊन यार्डात जातो. तिथं धर्माजी आहे. माझ्याबरोबर मिठागरात फावडं मारायचा, मग ड्रायव्हर झाला, आता यार्डाचा वॉचमन. जेवण झालं की तिथली पद्धत तुला माहीतच आहे, उभ्या ट्रेलरच्या खाली सावलीला गोणपाट टाकायचं आणि तासभर पडायचं. भीती कसली? डिझेल चालू झालं की जमीन हलते, आणि ब्रेकची हवा भरल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. दोन-तीन मिनिटं तर नक्की. तेवढ्यात माणूस उठतो, गोणपाट झटकतो, विडी पेटवतो आणि बाहेर येतो. धर्माजीला बायकोनं हाक मारली तरी तो म्हणतो, ‘हवा भरंपर्यंत येतो गं.’ त्याची आयुष्यभराची सवय ती. मला तर ऐकूही येत नाही, तरी पाठीला कळतं आणि मी उठतो.

आता हितेशचं. पोरगा खूश नाही. गाडी हळू चालली की तिच्या पुढून कसलीशी शिट्टी वाजते म्हणे. मला काय कळणार, पण डिझेलवाले ड्रायव्हर त्याला ‘कुल्फीवाला’ म्हणतात. तो यार्डात शिरला की कोणी पोरासारखं ओरडतं, ‘येक मलई दे रं!’ चार्जिंगच्या रांगेत गाड्या इंच इंच सरकतात, तेव्हा तर दिवसभर शिट्ट्या. काल डबा तसाच टाकून म्हणाला, ‘काका, मी नाय जात उद्या. मना लाज वाटते.’ कसाबसा पाठवलाय.

ती शिट्टी येते कुठून? पुढं कसलासा काळा डबा आहे म्हणतात, तो कसा बसवलाय? आणि तुझी गाडी हवा भरते की नाही? चाकणात बसून उंटावरून शेळ्या हाकतेस, तर जरा म्हाताऱ्यालाही शिकव.

तुझा
नामाकाका


चाकण
२२ फेब्रुवारी

नामाकाका,

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. काकांना विजेच्या गाडीचं कुतूहल वाटतंय यावर माझा विश्वासच बसेना! शेजारची रुचिका म्हणाली, अशा माणसाला आपण कामावर घ्यायला हवं.

सोबत चित्र काढून पाठवतेय. पुढच्या बंपरच्या मागं, डाव्या हाताला काळा डबा आहे. दोन बोल्ट आणि एकच प्लग. त्याचा फ्यूज ड्रायव्हरच्या पायाजवळच्या पेटीत, वरून तिसरा, लाल. गाडी हळू असली की आवाज करतो, कारण एरवी ती आल्याचं माणसांना कळतच नाही. फ्यूज गेला तर समोर पिवळा दिवा लागतो. एवढंच त्याचं शास्त्र.

हवेचं विचारलंत. ब्रेकला हवा लागतेच, पण तिचा पंप विजेवर चालतो. गाडी चार्जिंगला उभी असते तेव्हाच हवा भरून तयार. प्लग काढला, बटण दाबलं की निघाली. तुमच्यासारखं तीन मिनिटं घुरघुरत बसायला नको.

हितेशला म्हणावं, हसणाऱ्यांचे दात दिसतात. तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही.

तुमची
प्रणाली


जासई
५ मार्च

चि. प्रणाली,

तुझ्या चित्राबरहुकूम काम फत्ते!

रविवारी हितेशची गाडी चार्जिंगला होती. मी खाली शिरलो, दोन बोल्ट ढिले केले आणि डबा काढून घरी आणला. फ्यूजही काढला. पिवळ्या दिव्यावर हितेशनं एकवीरा आईचा स्टिकर लावला. सात मिनिटांचं काम. धर्माजी बाजूला बॅटरीचा उजेड धरून उभा होता, आणि झाल्यावर चहासुद्धा त्यानंच पाजला. म्हणाला, ‘नामा, आता झोप लागंल बग. त्या पिपाणीनं डोळ्याला डोळा न्हाय लागला म्हैनाभर.’

सुंठीवाचून खोकला गेला. कुल्फीवाला म्हणणारं कोणी राहिलं नाही. उलट दुसरे दोघे विजेवाले मला विचारून गेले, ‘काका, आमचा पण काढून द्या ना.’ मी म्हटलं, बघू. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणी मला काम सांगत होतं.

हितेश आता शीळ घालत कामाला जातो. म्हणजे शीळ घालतो असं त्याच्या ओठांवरून दिसतं. धर्माजी तर आता त्याच्याच गाडीखाली पडतो. म्हणतो, हिच्याखाली धग नाही, अंगावर तेल गळत नाही, सदरा स्वच्छ राहतो.

तू टिकव म्हणालीस, टिकवला.

तुझा
नामाकाका


चाकण
२४ मार्च

नामाकाका,

उशिरा लिहितेय. तुमचं पत्र मला नऊ तारखेला मिळालं आणि आज चोवीस. कंपनीत तपासणी चालू होती, मान वर करायला वेळ नव्हता. हे निमित्त नाही, पण थोडं आहेच.

तुम्ही डबा काढलात ते योग्य नाही हो. तो कायद्यानं असावा लागतो. वाचलं तेव्हाच कळवणार होते, पण तुमचा आनंद आठवला आणि कसं लिहावं ते सुचेना. येत्या रविवारी परत बसवा. हितेशला मी आवाज कमी करायचा मार्ग सांगेन. घाई नाही, पण विसरू नका.

तुमची
प्रणाली


जासई
१ एप्रिल

प्रणाली,

तुझं ‘घाई नाही’चं पत्र सत्तावीस तारखेला आलं. धर्माजी पंचवीसला गेला.

हितेशच्या गाडीखाली गेला. तुला शेजारच्या पियूषनं फोनवर अपघात झाल्याचं सांगितलंय, पण कोण, कसं ते त्याला नीट माहीत नव्हतं. मी सांगतो. मी तिथं होतो.

जेवून मी नळावर डबा धूत होतो. धर्माजी मागच्या चाकांच्या पुढ्यात गोणपाट टाकून पडला होता, तोंडावर टॉवेल. हितेशचं चार्जिंग झालं. त्यानं प्लग काढला, पुढून वळसा घातला आणि केबिनमध्ये चढला. खाली वाकून बघितलं नाही. कुणीच बघत नाही गं. आपल्याकडं गाडीखाली वाकून बघायची रीतच नाही. इंजिन चालू केलं की खालचा माणूस आपला उठतो, हवा भरेपर्यंत वेळ असतो, हे आम्हीच या पोरांना शिकवलंय.

मी मान वर केली तेव्हा चाक फिरायला लागलं होतं. मी ओरडलो. किती मोठ्यानं ओरडलो ते मला माहीत नाही, मला माझा आवाज ऐकू येत नाही. हितेशनं काचेतून माझ्याकडं बघितलं आणि हात केला. त्याला वाटलं, मी जातो म्हणून सांगतोय.

धर्माजीनं टॉवेलसुद्धा काढला नव्हता. झोपेतच गेला म्हणतात सगळे. मला सांत्वन म्हणून सांगतात.

पोलिसांना काळ्या डब्याची रिकामी जागा दिसली. स्टिकर दिसला. हितेशला विचारलं, कुणी काढला? तो म्हणाला, मी. माझ्याकडं बघून म्हणाला आणि मान हलवली, की काका, तुम्ही गप्प बसा. मी गप्प बसलो. नुसता अपघात असता तर त्याच दिवशी सुटला असता, वकील म्हणतो. पण यंत्र मुद्दाम काढलं म्हणून मोठं कलम लावलंय. पोरगा आत आहे.

तो काळा डबा माझ्या खाटेखाली आहे. रोज काढून बघतो.

नामा


चाकण
६ एप्रिल

नामाकाका,

धर्माजीकाका मला लहानपणी खांद्यावर बसवून मिठाचे ढीग दाखवायचे. आता डोळे मिटले की टॉवेल दिसतो.

नीट वाचा. कंपनीनं चौकशी लावली आहे. त्या डब्याची माहिती बाहेर कशी गेली असं विचारतायत. वायरिंगची कामं करणाऱ्यांत मी आहे आणि ड्रायव्हर माझा भाऊ आहे हे त्यांना कळलंय. माझं चित्राचं पत्र कुणाच्या हाती लागलं तर मी संपले. मी संपले तर हितेशसाठी वकील कोण देणार? आणि तुमचं नाव निघालं तर या वयात, या कानांनी तुम्ही तुरुंगात काय करणार? तिथं कोणी हाक मारली तरी तुम्हाला कळायचं नाही.

माझं बावीस फेब्रुवारीचं पत्र आणि ते चित्र जाळून टाका. डबा खाडीत टाका. हितेशचं मी बघते. चांगला वकील करते. तो तरुण आहे, सुटेल.

माझ्यावर विश्वास ठेवा.

प्रणाली


जासई
१५ एप्रिल

चि. प्रणाली,

तू सांगितलंस म्हणून तुझं पत्र चुलीत घातलं. चित्र चांगलं काढलं होतंस, घालवत नव्हतं. डबाही खाडीत टाकला. नऊ तारखेचं आहे हे. त्यानंतर मला जेवण गेलेलं नाही.

बारा तारखेला हितेशला भेटायला गेलो. जाळीपलीकडून तो सावकाश बोलला, म्हणजे मला ओठ वाचता यावेत. म्हणाला, ‘काका, मी सांगतो तसंच सांगा. बाबूस गेल्यावर तुमी आमाला पोसलाव.’ मग रडला. मी एवढा म्हातारा, आणि एका पोराच्या मागं लपून बसलोय.

काल जयंती होती. धर्माजी दरवर्षी पांढरा सदरा घालून मिरवणुकीत पुढं असायचा. यंदा तो सदरा दोरीवर तसाच होता. मी त्याच्या बायकोच्या, बायजाबाईच्या पुढ्यात बसलो आणि सगळं सांगितलं. डबा मी काढला, तुझ्या नवऱ्यानं बॅटरी धरली, चहा पाजला, सगळं. ती एकेक शब्द तोडून बोलली. ‘नामा, तू पुतण्याला सोडवायला खोटं बोलतोस. तुला न्हाय जमायचं ते इजेचं काम. कागद हाय का तुज्याकडं? कागद दाव, मंग मानीन. तवर माज्या दारात येऊ नको.’

तिथून तसाच पोलिसात गेलो. साहेबाला म्हणालो, मला आत घाला, पोराला सोडा. त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, फ्यूज कुठला काढला? मी सांगितलं, लाल, वरून तिसरा. ते हसले. म्हणे, हे पोरानं पढवलंय. आजोबा, तुम्ही डिझेलवाले, घरी जा. काही पुरावा आहे?

पुरावा आहे. तुझ्याकडं आहे. माझं पाच मार्चचं पत्र. माझ्या अक्षरात, तारीख घालून, दोन बोल्ट, फ्यूज, स्टिकर, चहा, सगळं त्यात आहे. ते दाखवलं तर वकील म्हणतो, निदान पोराला जामीन मिळेल. त्यात ‘तुझ्या चित्राबरहुकूम’ असं लिहिलंय, ते मला आठवतंय. तुला त्रास होईल. पण पोरी, तू नोकरी दुसरी धरशील. त्याच्यावर खुनाचा डाग लागलाय.

पंचवीस तारखेला उरणच्या कोर्टात आहे. ते पत्र घेऊन ये.

तुझा
नामाकाका


चाकण
१८ एप्रिल

नामाकाका,

ते पत्र नाही.

मी तुम्हाला तुमच्याकडचं जाळायला सांगितलं, त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडचं मी जाळलं होतं. गच्चीवर, पत्र्याच्या डब्यात. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही कधी मागाल असं वाटलंच नव्हतं. मला वाटलं तुम्हालाही स्वतःला वाचवायचंच असेल, माझ्यासारखं.

आणखी आहे. दहा तारखेला मी चौकशीत सही केली. त्यात लिहिलंय की, यंत्र काढण्याची माहिती मी कोणालाही दिलेली नाही आणि ते ड्रायव्हरनं स्वतः काढलं असावं. ‘असावं’ हा शब्द मी मुद्दाम घातला. तेवढ्यानं आपण फार खोटं बोललो नाही असं त्या दिवशी वाटलं. तोच कागद कंपनीनं पोलिसांना दिलाय. माझ्या भावाविरुद्धचा सगळ्यात पक्का कागद माझ्या सहीचा आहे.

आता मी कोर्टात येऊन तोंडानं सांगितलं तर? वकिलाला विचारलं. तो म्हणाला, बहीण भावासाठी बोलणारच, आणि तुमचीच सही तुमच्याविरुद्ध उभी राहील. कोण मानणार?

काका, मी ‘हात लावू नका’ एवढे तीन शब्द लिहायला हवे होते. आणि नऊ मार्चला पत्र मिळाल्यावर त्याच दिवशी गाडी पकडून यायला हवं होतं. सोळा दिवस होते. सोळा दिवस मी मान वर केली नाही. बाबांच्या छातीत गेला तसा धूर कुणाच्या छातीत जाऊ नये म्हणून निघाले होते मी.

मला तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही. येत नाही.

प्रणाली


जासई
१९ एप्रिल

चि. प्रणाली,

तुझं उत्तर अजून हाती आलेलं नाही, म्हणजे तू स्वतःच पत्र घेऊन निघणार हे मी ओळखलं. पोस्टावर एवढ्या महत्त्वाच्या कागदाचा भरवसा कुणी ठेवील? शहाणी आहेस.

आज चार घास जेवलो. हितेशला निरोप धाडलाय की ताई कागद आणतेय, आता खोटं बोलायचं बंद कर. त्यानं काय म्हटलं ते अजून कळलं नाही. बायजाबाईच्या दारात गेलो नाही, पण सुनेकडून सांगावा दिला, पंचवीसला कोर्टात ये, कागद दाखवतो. ती येते म्हणाली. मला पिशवी भरायचीय, दोन सदरे आणि चष्मा. आत किती दिवस काढावे लागतील कोण जाणे. लागू देत. धर्माजीसमोर मान वर करून उभा राहीन कधीतरी.

तू चोवीसला दुपारी नाक्यावर उतर. मी आधीपासून येऊन थांबतो. पूर्वी बस लांब असतानाच तळपायाला कळायची. आता या रस्त्यानंही विजेच्या बस आल्यात, पायाला काही कळत नाही. म्हणून बारा वाजताच येऊन रस्त्याकडं नजर लावून उभा राहीन, म्हणजे तू चुकायची नाहीस.

पत्र पिशवीत ठेवू नकोस. अंगाशी धर.

तुझा
नामाकाका